सव्वा किलोच्या आतला फोटो

माणूस येताना रिकाम्या हातानं येतो आणि जाताना रिकाम्या हातानं जातो, हे थोरामोठ्यांनी सांगून ठेवलंय. मधल्या साठ-सत्तर वर्षांत हातातली पिशवी किती किलोची असावी, याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढलेला नाही. ही उणीव लक्षात घेऊन औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर, पाट्या बदलल्या, शहागंजातली गर्दी होती तिथंच आहे) सन १९८१ साली 'अल्पभार छायाचित्रण मंडळ' स्थापन झालं. मी रामकिसन, एका सरकारी कचेरीतला वरिष्ठ लिपिक, सदर मंडळाचा संयुक्त चिटणीस होतो. पुढील मजकूर मी पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. (आमची भागूबाई मागं उभी आहे. पण ती दडपण आणत नाही, नुसती उभी आहे.)

मंडळाचे संस्थापक काकासाहेब. ऐंशी एकर बागायत, तीन कॅमेरे आणि एक पत्र्याची पेटी, एवढा त्यांचा पसारा. फोटो काढायला निघाले की ती बावीस किलोची पेटी त्यांचा गडी मुंजाबा डोक्यावर घ्यायचा. एकदा वेरूळला भर उन्हात, सोळाव्या लेण्यापाशी मुंजाबानं पेटी खाली ठेवली, टॉवेलनं मान पुसली आणि म्हणाला, "मालक, तुम्ही सावकाश काढा फोटो. मी जातो घरी." आणि खरोखरच गेला. काकासाहेबांना पेटी घेऊन बसस्टँडपर्यंत चालावं लागलं. बावीस किलो म्हणजे काय हे त्यांना वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळलं, कारण तोवर ते किलो कायम दुसऱ्याच्या डोक्यावर होते. स्टँडवर उसाचा रस पिता पिता त्यांना साक्षात्कार झाला की माणसानं कमी सामानात प्रवास करावा.

ही हकीकत त्यांनी गावात परत येऊन सांगितली आणि आठवड्याभरात सव्वीस सभासद झाले. सव्वीसच्या सव्वीस जणांनी एकमेकांना सांगितलं की एक कॅमेरा, एक भिंग, एक रोल, बाकी सगळी माया.

मंडळाची घटना बावन्न पानांची आहे. तिच्यातली महत्त्वाची कलमं इतकीच:

कलम २: खाजगी प्रवासात सभासदाचा छायाचित्रणविषयक व इतर एकूण भार सव्वा किलोपेक्षा जास्त असू नये.

कलम ४: 'भार' म्हणजे सभासदाच्या स्वतःच्या अंगावर, खांद्यावर किंवा हातात असलेलं वजन. नेसलेले कपडे वगळून.

कलम ५: पोटात गेलेला भार हा भार धरला जाणार नाही.

कलम ९: एक किलो दोनशे ग्रॅमच्या आत प्रवास करून आलेल्या सभासदास (पिसासारखा हलका म्हणून) 'पीस श्रेणी' बहाल करण्यात येईल.

आता भार मोजायचा तर काटा पाहिजे. शहागंजात काकासाहेबांच्या ओळखीची धान्याची आडत होती. तिथला मापाडी फकिरा दर रविवारी सकाळी आमच्या पिशव्या जोखायचा. क्विंटलनं ज्वारी मापणारा माणूस. माझी पिशवी पहिल्यांदा तागडीत पडली तेव्हा त्यानं पारड्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "एवढी तर आमची सांडते, साहेब," म्हणाला. पण रिवाजाचा पक्का. मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, तसा प्रत्येक पिशवीला तो "लाभ" म्हणायचा आणि थांबायचा, कारण दुसरं माप नसायचंच. मग पिशवीला मंडळाचं लेबल लागायचं. त्याच्यावर भार, तारीख, तपासणाऱ्याची सही.

सहलीला गेलेले सभासद वाटेत भार वाढवतात असा संशय आल्यानं पुढं मंडळानं फिरतं तपासणी पथक नेमलं. पथकाबरोबर काटा, वजनं, शिक्का, शाई, नोंदवही आणि घटनेच्या दोन प्रती असायच्या. त्याचं ओझं अडतीस किलो व्हायचं. ते टांग्यातून यायचं. अल्पभाराचा प्रसार करायचा तर एवढी तोशीस सोसावी लागते.

सन १९८३ च्या पहिल्या वार्षिक प्रदर्शनात एकूण ४१२ फोटो मांडले होते. त्यांची विषयवार विभागणी मी स्वतः केली, ती अशी. चादरीवर मांडलेलं स्वतःचं कमी सामान, ३६१. सतरंजीवर मांडलेलं स्वतःचं कमी सामान, २२. स्वतःची सावली, १४. बीबी का मकबरा, ९ (गच्चीवरून दिसतो म्हणून). ओळखता आलं नाही, ४. माणसं, २ (चुकून). काही बाहेरच्या लोकांनी या आकड्यांवर दात काढले. त्यांना मी एवढंच विचारलं की ज्याच्याकडं सामान कमी आहे त्यानं ते लोकांना दाखवलं नाही, तर कमी आहे हे लोकांना कळणार कसं?

याच सुमारास मंडळानं भाराची पाहणीही केली. दर सभासदामागं सरासरी भार एक किलो एकशे चाळीस ग्रॅम निघाला. सोबत असलेल्या पत्नीमागं सरासरी भार नऊ किलो तीनशे ग्रॅम. हा दुसरा आकडा अहवालात 'किरकोळ' या सदराखाली घेतला आहे.

इथं भागूबाईबद्दल लिहिणं भाग आहे. लग्नाला तेव्हा अठरा वर्षं झाली होती. मी तिला दौलताबाद दाखवलं, वेरूळ दाखवलं, पैठण दाखवलं, आणि प्रत्येक वेळी माझ्या खांद्याला कॅमेरा, हातात लहानशी कापडी पिशवी, बस्स. लोक वळून बघायचे. भागूबाईकडं भाकरीचं गाठोडं, पाण्याची कळशी, छत्री, सतरंजी, माझा स्वेटर, फ्लॅश, चादरीत गुंडाळलेला ट्रायपॉड आणि दुसरा कॅमेरा. (हा दुसरा कॅमेरा माझा नव्हता. कलम ४ प्रमाणे तो तिचा होता, कारण तिच्याकडं होता.) दौलताबादच्या अंधारीत, त्या काळोख्या भुयारात, तिला धाप लागली आणि ती पायरीवर बसली. मी तिला तिथंच अल्पभाराचं तत्त्व नीट समजावून सांगितलं. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "पटलं. हे धरा थोडं." मी धरलं नाही. त्यात नियमाचा प्रश्न होता.

अठरा वर्षांत भागूबाईचा मात्र एकही फोटो नव्हता. फोटोत माणूस मोकळ्या हातानं उभं असलं की बरं दिसतं, आणि तिचे हात मोकळे कधी सापडले नाहीत.

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना, १९८४ च्या चैत्रात अजिंठ्याहून पोस्टकार्ड आलं.

भागूबाईचं माहेर अजिंठ्याचं. लेण्यांचं नव्हे, गावाचं. गावाबाहेर चार एकर कोरडवाहू आणि एक कडुनिंब. तिथं तिची आई सारजाबाई राहायची. वय सत्तरच्या पुढं, डोळ्यांत मोतीबिंदू, आणि जन्मात एकदाही फोटो काढू दिलेला नाही. आमच्याकडं खेड्यात तेव्हा फोटो लागायचा तो मेलेल्या माणसाचा. चौकट, हार, खाली उदबत्ती. त्यामुळं कॅमेरा दिसला की सारजाबाई पदर तोंडावर घेऊन आत जायची. "फोटोतलं माणूस भिंतीवर जातं," म्हणायची. "मला अजून जमिनीवर लई कामं हायती." तिच्या नवऱ्याचाही फोटो नव्हता. तो गेल्यावर दहा वर्षांनी भागूबाईला बापाचं तोंड नीट आठवेना झालं. एक दिवस भाकरी थापता थापता ती मला म्हणाली, "अण्णांचं नाक कसं होतं हो?" मला काय माहीत. ती त्या दिवशी जेवली नाही. तेव्हापासून आईचा एक फोटो असावा म्हणून ती तिच्या मागं लागली होती.

पोस्टकार्ड सारजाबाईनं शाळेतल्या गुरुजींकडून लिहून घेतलं होतं. मजकूर असा: "डोळ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं. पुढचं कुणी बघितलंय. जावईबापूला घेऊन ये, फोटोला बसते. पण एकच काढायचा. दोन काढले की देवाला वाटतं हिला घाई हाय. परत बसणार नाय, आत्ताच सांगते."

भागूबाईनं ते कार्ड तीनदा वाचलं आणि पिठाच्या डब्याखाली जपून ठेवलं. मग लाडू वळायला बसली. गाणं गुणगुणत होती. तिला गाता येतं हे मला अठरा वर्षांनी कळलं.

दरम्यान मंडळात घटनादुरुस्ती झाली होती. नानासाहेब नावाचे आमचे एक सभासद. त्यांच्या पत्नीनं दौलताबादच्या सहलीनंतर त्यांच्याबरोबर कुठंही यायचं साफ बंद केलं. त्यामुळं नानासाहेबांचं सगळं सामान नानासाहेबांच्याच अंगावर यायला लागलं आणि आठ किलोला काटा टेकायला लागला. न्यायाची चाड असलेला माणूस. त्यांनी ठराव मांडला की पत्नीचा भारही पतीच्या खात्यात धरावा, दांपत्यास मिळून अडीच किलो. शिवाय नुसता निघतानाचा भार बघून भागणार नाही. मुक्कामी पोचल्यावर पिशवीचा, तिच्यावरचं लेबल स्वच्छ वाचता येईल असा, एक फोटो पुरावा म्हणून काढलाच पाहिजे. पुरावा नाही तर श्रेणी नाही. ठरावाला नऊ विधुरांनी आणि अविवाहितांनी पाठिंबा दिला. बाकीचे सभेला आले नव्हते, सामान बांधत होते.

मला त्या साली पीस श्रेणी हवी होती. खोटं कशाला बोलू? श्रेणी मिळाली असती तर वार्षिक सभेत काकासाहेबांच्या शेजारची खुर्ची मिळाली असती, आणि नानासाहेबांना ती मागच्या रांगेतून बघावी लागली असती.

रविवारी सकाळी आम्ही दोघं शहागंजात आडतीवर गेलो. फकिरानं भागूबाईचं आणि माझं सामान एकत्र तागडीत घातलं. "लाभ," म्हणाला आणि आणखी वजनं टाकत राहिला. मग सांगितलं, "नऊ किलो सहाशे."

नानासाहेब तपासणीस म्हणून हजर होते. त्यांनी फक्त चष्मा पुसला.

मग एकेक गोष्ट निघाली. सतरंजी, छत्री, कळशी, ट्रायपॉड, फ्लॅश, दुसरा कॅमेरा. हे सगळं आडतीतच ठेवलं. लाडवांचा डबा भरायला भागूबाईला दोन दिवस लागले होते. कलम ५ चा आधार घेऊन तिथं जमलेल्या कार्यकारिणीनं ते लाडू जागेवरच भारातून वगळले. काकासाहेबांनी चार वगळले. फकिराला एक दिला तर तो म्हणाला, "आईसाठी चाललेत ना? मग मला नको."

सारजाबाईला फोटोसाठी म्हणून घेतलेलं नवं लुगडं सहाशे ग्रॅम भरलं. ते काढायचं म्हटल्यावर भागूबाईनं ते तागडीतून उचललं. कलम ४ तिनं तीन वर्षं ऐकलेलं होतं. पोत्यांच्या थप्पीमागं गेली आणि नेसल्या लुगड्यावरून नवं लुगडं नेसून आली. चैत्राचं ऊन, दोन नऊवारी, अठरा वार कापड. नेसलेले कपडे वगळून. नानासाहेबांनी घटना दोनदा चाळली, पण त्यांना काही सापडलं नाही.

काटा अडीच किलोच्या वर आता फक्त पंचवीस ग्रॅम होता. पिशवीत भाकरी, औषधं आणि एक जादा रोल उरला होता. मी रोल उचलला.

"रोल राहू द्या," भागूबाई म्हणाली. "हवं तर भाकरी काढा."

"कॅमेऱ्यात आहे की एक रोल."

"त्यात किती उरलेत?"

"तुझ्या आईनं एकच सांगितलाय ना? एक आहे."

हे खरं होतं. छत्तीसपैकी पस्तीस फोटो मी आदल्या दिवशी संपवले होते. मंडळाच्या मुखपत्राच्या मुखपृष्ठासाठी माझ्या प्रवासाच्या अल्प सामानाची चादरीवर मांडणी करून निरनिराळ्या बाजूंनी फोटो काढले होते. चादर भागूबाईची होती, ती चादरीचं टोक धरून उभी होती, तरी विचारत होती. "मग तुमच्या पुराव्याचं काय?" ती म्हणाली. "लेबलाचा बी काढायचाय ना?"

"एका दगडात दोन पक्षी," मी म्हणालो.

"एवढासा रोल. मी कनवटीला खोचते."

"कनवट ही पिशवी धरण्यात येईल," नानासाहेब म्हणाले आणि तसा निर्णय लगेच नोंदवहीत लिहून घेतला. रोल फकिराकडं जमा झाला. त्यानं तो गल्ल्याशेजारी ठेवला आणि मला म्हणाला, "साहेब, मी रोज शेकडो पोती जोखतो. पण माप कमी भरावं म्हणून खुश होणारं गिऱ्हाईक पहिलंच बघितलं." दांपत्याचा भार दोन किलो चारशे पंच्याण्णव ग्रॅम, पैकी माझी पिशवी एक किलो एकशे नव्वद. लेबल लागलं.

एसटीत मी अत्यंत हलकं वाटून घेत होतो. भागूबाई खिडकीशी बसून घामानं निथळत होती. फुलंब्रीला तिनं पाणी मागितलं. कळशी शहागंजात होती.

सारजाबाई सकाळपासून तयार होती. न्हाऊन, केस चापून बसवून, कडुनिंबाखाली बाज टाकून तिच्यावर बसली होती. भागूबाईनं अंगावरचं वरचं लुगडं सोडून आईला नेसवलं. मोतीबिंदूमुळं म्हातारीला आरशात दिसत नव्हतं, म्हणून ती लेकीला विचारत होती, "कशी दिसते गं?"

"चांगली दिसतीस."

"तुझ्या बापासारखं खोटं बोलू नको. नीट बघून सांग."

भागूबाईनं तिची हनुवटी धरून नीट बघितलं. "लई चांगली दिसतीस, आई," म्हणाली. मग ती आईशेजारी बाजेवर टेकली. हातात काही नव्हतं. मला जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं, कारण तिला असं मोकळ्या हातानं बसलेलं मी आधी बघितलेलं नव्हतं.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. दोघी आल्या होत्या, कडुनिंबाची फांदी आली होती, उजेड झकास होता. फक्त पिशवी नव्हती. मी पुढं होऊन पिशवी सारजाबाईच्या मांडीवर ठेवली.

तिनं ती चाचपली. "लाडू हायत का ह्यात?"

"नाय आई, लेबल हाय," भागूबाई म्हणाली.

"धरू का?"

"धरा," मी म्हणालो.

सारजाबाईनं दोन्ही हातांनी पिशवी धरली. ती घसरायला लागली म्हणून भागूबाईनंही हात लावला. मी मागं सरकलो. दोघींची तोंडं दिसत होती, लेबल दिसत होतं, पण वाचता येत नव्हतं. मी दोन पावलं पुढं आलो. लेबल वाचता यायला लागलं, तोंडं गेली. मागं आलो, तोंडं आली. असा मी अकरा वेळा पुढंमागं झालो. दुसरा रोल शहागंजात गल्ल्याशेजारी होता. लेण्यांपाशी दुकानात रोल मिळाला असता, पण तिकडची बस निघून गेली होती.

"जावईबापू, झालं का?" सारजाबाई न हलता म्हणाली. "मान अवघडली."

मी पुढं गेलो आणि बटण दाबलं.

मंडळाला सादर केलेल्या अहवालात मी असं नमूद केलं आहे की, कॅमेऱ्याचं बघायचं भोक आणि भिंग यांच्या जागेत फरक असल्यामुळं चौकटीचा वरचा भाग अनवधानानं सुटला. (मला दिसत होतं. दोघींच्या हनुवट्याही येत नाहीत हे मला स्वच्छ दिसत होतं. मला काकासाहेबांच्या शेजारची खुर्ची जास्त जवळ दिसली.)

आठवड्यानं फोटो धुऊन आला. मधोमध पिशवी. लेबलावरचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं: भार १ किलो १९० ग्रॅम, तपासलं, फकिराचा अंगठा, नानासाहेबांची सही. आणि पिशवीला धरलेले चार हात. दोन आईचे, दोन लेकीचे. वर कडुनिंबही नाही.

भागूबाईनं तो उजेडात नेऊन बघितला. उलटून मागची बाजूही बघितली. "आई कुठंय?" म्हणाली.

मी तिला भोक आणि भिंगाचा फरक सांगायला लागलो. ती ऐकत होती. मग म्हणाली, "पाटीवरचं वाचता येतंय. म्हणजे तुम्ही होता तिथं, तुमचा डोळा होता." आणि फोटो पिठाच्या डब्याखाली ठेवून दिला. त्या दिवशी मला लाज वाटली. पण लाज किती ग्रॅमची धरायची याबद्दल घटनेत तरतूद नव्हती, त्यामुळं ती कुठं नोंदवता आली नाही.

मंडळात मात्र फोटोनं धमाल उडवून दिली. वार्षिक सभेत नानासाहेबांनी हरकत घेतली की सासू ही नोंदणीकृत भारवाहक नाही. त्यावर काकासाहेबांनी निकाल दिला की, पिशवी सासूच्या आणि पत्नीच्या हातात असल्यानं फोटोच्या क्षणी सभासदाचा स्वतःचा भार कॅमेरा वगळता शून्य होता, आणि शून्य भार हा मंडळाच्या इतिहासातला उच्चांक आहे. (नीचांक म्हणावं की उच्चांक, यावर पाऊण तास चर्चा झाली.) मला पीस श्रेणी मिळाली, खुर्ची मिळाली, शाल मिळाली. शाल सातशे ग्रॅमची होती. ती घरी भागूबाईनं नेली.

सारजाबाईचं ऑपरेशन नामी झालं. आमच्याच घरी पट्टी सुटल्यावर तिनं पहिली मागणी काय केली असेल? "माझा फोटो दाखव." भागूबाई माझ्याकडं न बघता पिठाच्या डब्याशी गेली.

म्हातारीनं नव्या डोळ्यांनी फोटो बराच वेळ बघितला. "हात माझेच," म्हणाली. "ह्या बोटाला विळा लागला होता. हे तुझे. ही कुणाची गं पिशवी? बरी हाय." मग तिनं फोटोच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं, पुढं काही आहे का बघितल्यासारखं. "तोंड नाय?"

"नाय, आई," भागूबाई म्हणाली.

सारजाबाई हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. "बरं झालं की. तोंड नाय, तर भिंतीवर बी नाय. जावईबापूनं वाचवलं मला."

ती त्यानंतर अकरा वर्षं जगली. परत फोटोला बसली नाही. एकच म्हटलं होतं, एक झाला होता. भागूबाईनं किती विनवण्या केल्या, मी तोवर तीन भिंगांचा कॅमेरा घेतला होता, तो घेऊन दोनदा अजिंठ्याला गेलो. म्हातारी पदर तोंडावर घेऊन आत गेली. शब्दाची पक्की.

ती गेली तेव्हा भागूबाईनं तो फोटो चौकटीत बसवला आणि आमच्या भिंतीवर लावला. हार, खाली उदबत्ती. भेटायला येणारे लोक पिशवीला हात जोडायचे, लेबल वाचायचे आणि मला विचारायचे, "मयताचं वजन एवढंच होतं का?" मी सांगायचो, नाही, ते पिशवीचं. आता नात विचारते, पणजी दिसायला कशी होती? भागूबाई आपले हात तिच्यापुढं धरते. "अशी," म्हणते. "वरचं आजोबांना विचार." नात माझ्याकडं बघते. मला आठवतं सगळं, ते नाक, ती हनुवटी, पण सांगायला लागलो की दरवेळी थोडं वेगळं सांगतो, हे माझ्याही लक्षात यायला लागलंय.

मंडळ आता राहिलेलं नाही. गरजच उरली नाही. तुमच्या खिशातल्या फोनचा भार एकशे नव्वद ग्रॅम, त्यात कॅमेरा, रोल, फ्लॅश, सगळं आलं, आणि फोटो सात-आठ हजार. फकिरानं तो तागडीत घातला असता तर काटा हललाही नसता. तुम्ही सगळेच पीस श्रेणीत आहात, अभिनंदन.

फक्त एक शेवटचा पुरावा जोडायचा राहिला आहे. या सात-आठ हजारांत तुमच्या आईचे किती आहेत, ते सवडीनं मोजावं. घाई नाही. एखादा तरी सापडेलच: पुरणपोळीचा, किंवा वांग्याच्या भरताचा, वरून काढलेला, ताट स्वच्छ आलेलं, आणि ताटाच्या कडेला तुपाची वाटी धरलेला एक हात. तो हात कुणाचा आहे ते खाली लिहून सही करावी. बोटं स्पष्ट आली असतील तर शिफारस करता येईल.